आईचे म्हणणे केसपेपरवर लिहा

गेल्या वर्षी आपल्या संस्थेने घेतलेल्या आरोग्य तपासणी शिबिरात नोंदणीच्या टेबलावर आम्ही बसलो होतो. गर्दी भरपूर होती. मंडपात लाउडस्पीकर लावलेला होता आणि त्यावरून नंबर पुकारले जात होते. साधारण दहा वर्षांच्या मुलाला घेऊन एक माउली रांगेत उभी होती. मुलाने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. तास-सव्वा तास गेला, मग तो ओरडू लागला, जमिनीवर बसला, आईचा हात चावला. रांगेतील कोणीतरी म्हणाले, "पोराला वळण नाही." ती बाई काही न बोलता मुलाला उचलून निघून गेली. संध्याकाळी रजिस्टर मिटवताना पाहिले, तिच्या मुलाचे नाव होते, वय होते, क्रमांक होता. पुढचे सगळे रकाने कोरे होते.

चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमची होती. डॉक्टर आले होते, औषधे होती, वजनकाटा होता. त्या मुलाला मंडपात दहा मिनिटे बसता येईल अशी व्यवस्था मात्र नव्हती, आणि ती कशी करावी हे त्याच्या आईला आम्ही आधी विचारलेही नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी आहे अशा व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबियांना आरोग्यसेवा सुधारण्याच्या कामात सामील करून घेणे म्हणजे काय, आणि ते कोठे व कसे घडले आहे, हे आम्ही आमच्या मगदुराप्रमाणे मांडणार आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. वैद्यकशास्त्राचा अभ्यास नाही. पण घरात या विषयाशी चोवीस वर्षांचा संबंध आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ऑटिझम, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता इत्यादींना मिळून अलीकडे 'न्यूरोडायव्हर्जंट' असा शब्द वापरतात. मेंदू बिघडलेला नाही, तो निराळ्या रीतीने काम करतो, असा त्यातील आशय आहे. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रूढ झाला आहे, तरी आम्हास तो फारसा पटत नाही. आमचा भाचा स्वतःत मग्न नसतो. उलट तुमच्या-आमच्यापेक्षा त्याला जास्त ऐकू येते, जास्त दिसते, जास्त टोचते. पंख्याची घरघर, फिनेलचा वास, शर्टाच्या कॉलरला आत शिवलेली चिठ्ठी, हे सर्व त्याच्यावर एकदम चालून येते. तो गप्प होतो किंवा ओरडतो, ते त्या माऱ्यामुळे.

हा भाचा आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याला बोलता येते ते मोजकेच. काही वर्षांपूर्वी तो एकाएकी स्वतःच्या गालावर बुक्के मारू लागला. ताईने त्याला दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी कागद पाहिले, 'ऑटिझम' हा शब्द वाचला आणि सांगितले, "अशा मुलांचे असेच असते." झोपेचे औषध लिहून दिले. ताई म्हणत होती की, साहेब, तो फक्त डाव्याच गालावर मारतो आणि आठ दिवसांपासून भाकरी खात नाही, नुसता वरण-भात मागतो. तिचे म्हणणे केसपेपरवर कोणी लिहिले नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका दंतवैद्यांनी तोंड उघडून पाहिले तेव्हा डाव्या बाजूच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. तीन आठवडे त्या मुलाने ती कळ सोसली, आणि वर गुंगीचे औषध घेतले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काही जण नर्सिंगला, फार्मसीला आहेत, एक-दोघे डॉक्टर होऊ घातले आहेत. हे प्रकरण नीट ध्यानात घ्या. रुग्णास आधीपासून असलेल्या अक्षमतेच्या नावाखाली त्याचे नवे दुखणे झाकले जाणे, या चुकीला वैद्यकीय ग्रंथांत स्वतंत्र नाव आहे, इतकी ती नेहमीची आहे. ज्याला 'दाढ दुखते' असे सांगता येत नाही त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते, आणि ते वागणे वाचता येणारी व्यक्ती बहुधा घरचीच असते. डावा गाल आणि सोडलेली भाकरी हे ताईने सांगितलेले दोन मुद्दे म्हणजे आईची काळजी नव्हे. ती रोगाची लक्षणे होती. तापमान किंवा नाडी जितक्या काळजीने लिहितात तितक्याच काळजीने ती लिहावयास हवी होती.

आमच्या घरचे एका दाढेवर निभावले. इंग्लंडमधील एका कुटुंबाचे निभावले नाही, आणि त्या प्रकरणातून पुढे कायदा झाला, म्हणून ते सविस्तर सांगतो.

ऑलिव्हर मॅकगोवन हा ब्रिस्टल शहराजवळ राहणारा अठरा वर्षांचा मुलगा. तान्हा असताना त्याला मेनिंजायटिस झाला होता. त्यातून सौम्य सेरेब्रल पाल्सी, अपस्मार म्हणजे फिट्स आणि सौम्य बौद्धिक अक्षमता राहिली, पुढे ऑटिझमचेही निदान झाले. तरी तो खेळाडू होता, शाळेच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. २०१६ साली फिट्स येऊ लागल्यामुळे त्याला ब्रिस्टल येथील रुग्णालयात दाखल केले. फिटमध्ये आणि अनोळखी जागेत तो घाबरून जाई, बेचैन होई. मनोविकारांवर देतात त्या प्रकारच्या औषधांचा त्याला पूर्वी त्रास झालेला होता. ती औषधे आपणास नकोत असे त्याने स्वतः सांगितले होते, त्याच्या आईवडिलांनीही सांगितले होते. तरीही बेचैनी आवरण्यासाठी ओलँझापाइन हे औषध त्याला देण्यात आले. त्यानंतर त्याला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम ही क्वचित होणारी पण अतिशय घातक प्रतिक्रिया झाली. ताप भडकला, मेंदूला सूज आली, आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी तो वारला.

येथे दोन्ही बाजू नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१८ साली तेथील कॉरोनरने चौकशीअंती औषध देण्याचा निर्णय योग्य होता असे म्हटले. पुढे पुन्हा स्वतंत्र पुनर्विलोकन झाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात हा मृत्यू टाळता येण्याजोगा होता असा निष्कर्ष निघाला. दोन चौकशांचे निष्कर्ष इतके भिन्न यावेत याचे आम्हास आश्चर्य वाटत नाही. कोणाला साक्षीदार मानले आणि कोणाचे ऐकले यावर निष्कर्ष पुष्कळसा अवलंबून असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

ऑलिव्हरची आई पॉला मॅकगोवन यांनी नुकसानभरपाई मागून स्वस्थ बसण्याचा मार्ग घेतला नाही. त्यांचे म्हणणे असे होते की, त्या डॉक्टरांना व परिचारिकांना ऑटिझम म्हणजे काय हे कोणी शिकवलेच नव्हते. तेव्हा हे शिक्षण आरोग्यसेवेतील प्रत्येकाला सक्तीचे करा. त्यांच्या अर्जावर पन्नास हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि २०१८ मध्ये त्यावर ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. २०२१ मध्ये आठ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर या प्रशिक्षणाचा प्रयोग करून पाहिला गेला. २०२२ च्या आरोग्य व निगा कायद्याने इंग्लंडमध्ये नोंदणीकृत असलेल्या आरोग्य व निगा संस्थांवर बंधन घातले, की आपल्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामाला साजेसे, ऑटिझम व बौद्धिक अक्षमतेविषयीचे प्रशिक्षण दिलेच पाहिजे. त्यासाठी तयार झालेल्या अभ्यासक्रमाला ऑलिव्हरचे नाव देण्यात आले.

आता मुद्द्याची गोष्ट. तो अभ्यासक्रम शिकवतो कोण? ज्यांना रुग्णांशी प्रत्यक्ष काम पडते त्यांच्यासाठी पूर्ण एका दिवसाचा वर्ग असतो. त्या वर्गात तिघे शिकवतात. एक प्रशिक्षक, एक ऑटिझम असलेली व्यक्ती आणि एक बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती. रिसेप्शनवरचे कर्मचारी वगैरे इतरांसाठी छोटा कार्यक्रम आहे, त्यातही स्वानुभव असलेली व्यक्ती बोलते. अभ्यासक्रम रचतानाही अशा व्यक्ती व त्यांची कुटुंबे बरोबर होती. त्यांनी हे काम फुकट करावे अशी अपेक्षा नसते, शिकवण्याचा मोबदला द्यावयाचा असतो. बँकेत काम करत असल्यामुळे असेल, पण ही शेवटची बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अशा मुलांना व्यासपीठावर बोलावतात, हार घालतात, गाणे म्हणावयास लावतात आणि खाऊ देऊन घरी पाठवतात. ज्याच्या ज्ञानाची किंमत मोजली जाते त्याच्याशी आपण निराळे वागतो.

अशा वर्गातून परिचारिका काय शिकत असेल? जी व्यक्ती समोर उभी राहून सांगते, की मला हात लावण्याआधी सांगा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तरासाठी थांबा, मी तुमच्या डोळ्यांत पाहत नाही म्हणजे मी ऐकत नाही असे नाही, तिच्याकडून ते ऐकणे वेगळे आणि पुस्तकात वाचणे वेगळे. पुस्तकातला रुग्ण उलट प्रश्न विचारत नाही.

इंग्लंडमधीलच दुसरी एक साधी गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तेथे अशा रुग्णांसाठी 'हॉस्पिटल पासपोर्ट' नावाचा कागद वापरतात. वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे त्याचे तीन भाग असतात. तांबड्या भागात उपचारापूर्वी माहीत असलेच पाहिजे ते, म्हणजे औषधांची वावडी, फिट्स, दुखत असेल तर ही व्यक्ती ते कसे दाखवते इत्यादी. पिवळ्या भागात निगेसाठी महत्त्वाचे, आणि हिरव्यात आवडीनिवडी. हा कागद रुग्णालय भरत नाही. ती व्यक्ती व तिच्या घरचे भरतात आणि रुग्णालयाने तो वाचावयाचा असतो. कागद असून उपयोग नाही, वाचणारा हवा, हे ऑलिव्हरच्या प्रकरणावरून दिसलेच.

आम्ही ताईकडे बसून भाच्यासाठी असा एक कागद मराठीत तयार केला. तासाभरात होईल असे वाटले होते, दोन रविवार गेले. तांबड्यात लिहिले: दुखले तर सांगत नाही, त्या जागी मारून घेतो, जेवणातला कडक पदार्थ आधी सोडतो. पिवळ्यात: ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर खोली बदला, सुई आधी दाखवा, लपवून टोचू नका. हिरव्यात: एसटीची जुनी तिकिटे खिशात असतात, ती काढून घेऊ नका. यातील सुईचे वाक्य भाच्याचे स्वतःचे आहे. ताईच्या मते सुई लपवणेच बरे होते. आम्ही दोन्ही प्रकारची चित्रे काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने सुई दाखवतानाचे चित्र उचलले, आणि शंका राहू नये म्हणून दुसरे फाडून टाकले.

यातून एक अवघड प्रश्न निघतो, तो टाळून चालणार नाही. कुटुंबाचे ऐकणे आणि त्या व्यक्तीचे ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आईला बरेच कळते, सगळे कळत नाही. कित्येकदा मुलाच्या वतीने बोलता बोलता आपण त्याचा आवाज झाकून टाकतो, अगदी प्रेमाने. काही न्यूरोडायव्हर्जंट माणसे चांगली शिकलेली, नोकरी करणारी असतात. त्यांच्या बाबतीत तर डॉक्टरांनी नातेवाइकांकडे पाहून बोलणे हा अपमानच होय. तेव्हा प्रथम ती व्यक्ती, शब्दांनी नाही तर चित्रांनी, चित्रांनी नाही तर वागण्यातून, आणि तिच्यासोबत तिला ओळखणारी माणसे, असा क्रम असावा असे आमचे मत आहे. ताईला तो अजून पूर्णपणे मान्य नाही.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो ते आता थोडक्यात पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने अक्षमतेचे एकवीस प्रकार मानले आहेत. त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. कलम २५ अन्वये सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणी व उपचारात अग्रक्रम देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अडथळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायऱ्या येतात. आमच्या शिबिरातला लाउडस्पीकर हाही अडथळाच होता. कलम ४७ मध्ये डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्वाचा विषय घालण्यास सांगितले आहे. तो विषय स्वतः त्या व्यक्तींनी शिकवावा असे मात्र कलमात नाही. इंग्लंडची आणि आपली वाट येथे वेगळी होते.

याआधीचा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा या बाबतीत अधिक जागरूक म्हणावा लागेल. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (हा त्या कायद्यातील शब्द) आणि बहुविध अक्षमता असलेल्यांसाठी तो झाला. त्याच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांतून जे नऊ सदस्य घ्यावयाचे त्यांत तीन पालकांच्या संघटनांचे आणि तीन दिव्यांग व्यक्तींच्या संघटनांचे असावेत असे कायद्यातच लिहिले आहे. जिल्हा पातळीवरील समितीतही जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याबरोबर नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. हीच समिती अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमते. ते प्रमाणपत्र घेऊन आईवडील आमच्या काउंटरवर येतात. त्या प्रमाणपत्रावर बँकांनी खाते उघडावे असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलेले आहे. तरी नव्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक नसते आणि माणसाला उगाच कोर्टाचा रस्ता दाखवला जातो. असे कोणास सांगितले गेल्यास त्या परिपत्रकाची आठवण करून द्यावी. न्यासाच्या 'निरामय' या आरोग्य विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे व आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

कुटुंबाला सामील करून घेतल्याने उपचारच बदलतो, याचे जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील 'संगाथ' या संस्थेने ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या पालकांसाठी 'पास' नावाची पद्धत तयार केली. मूळ पद्धत ब्रिटनची होती. ती जशीच्या तशी न आणता आधी गोव्यातील कुटुंबांचे जगणे समजून घेऊन तिच्यात बदल केले. आईवडील मुलाशी खेळत असताना चित्रफीत घेतात आणि ती त्यांच्याबरोबर बसून पाहतात. मूल कधी पाहते, कधी हात पुढे करते, आपण घाईने कुठे बोललो, हे पालकांना स्वतःलाच दिसते. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, खास तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून पासष्ट मुलांवर याची चाचणी झाली व २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करणे, दोन्ही वाढलेले आढळले. जेथे तज्ज्ञ पोहोचत नाहीत तेथे आपल्यासारख्या संस्थांचे कार्यकर्ते काय करू शकतात याचा अंदाज यावरून येतो.

आता पुन्हा आपल्या शिबिराकडे. रजिस्टरमध्ये पत्ता होता, म्हणून दिवाळीनंतर आम्ही व संस्थेच्या महिला मंडळाच्या एक भगिनी त्या माउलीच्या घरी गेलो. ती सुरुवातीला बोलेचना. आम्ही वर्गणीसाठी आलो असे तिला वाटले. नंतर चहा ठेवला आणि सांगू लागली. लाउडस्पीकर नको, नंबर कागदावर द्या. आमच्यासारख्यांना सकाळी सर्वांत आधी घ्या, गर्दी व्हायच्या आत. शाळेची एक खोली रिकामी ठेवा, तिथे पंखा बंद असू द्या. डॉक्टरांनी पांढरा कोट काढून ठेवला तर बरे. एवढ्या मागण्या, आणि त्यांत पैसा लागेल अशी एकही नाही. आम्ही निघताना तिने विचारले, "डॉक्टर त्याच्याशी बोलतील, का माझ्याशीच?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

तो प्रश्न कार्यकारिणीच्या सभेच्या इतिवृत्तात तिच्याच शब्दांत लिहून घेतला आहे. पुढच्या शिबिराच्या नियोजन समितीवर तिला व आणखी दोन पालकांना घेतले आहे. शिवाय आपल्याच वस्तीतील, लहानपणापासून वाचण्यास अडखळणारा एक तरुण येण्यास तयार झाला आहे. नोंदणीचा फॉर्म सोपा कसा करावा हे तोच सांगणार आहे. बैठक रात्री आठची ठेवली होती, ती वेळ मुलाला झोपवण्याची असते असे तिने कळवल्यावरून आता रविवारी दुपारी दोन वाजता ठेवली आहे. ज्या सभासदांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी त्यांना सोबत घेऊन यावे. खोलीतला पंखा बंद असेल.